पोटदुखीची तक्रार आणि आंत्रपुच्छदाह
(केंद्रसंमेलनात शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेत पोटदुखीइतकी परिचित तक्रार दुसरी कोणतीही नसेल. गृहपाठ झाला नाही की पोट दुखते, कवायतीचा तास आला की पोट दुखते आणि चाचणीच्या दिवशी तर निम्म्या वर्गाचे दुखते. शिक्षकाचे कान या तक्रारीस इतके सरावलेले असतात की "बस जरा गप्प, राहील" हे उत्तर आपोआप तोंडातून बाहेर पडते. बहुतेक वेळा ते उत्तर खरेही ठरते आणि पोट खरोखरच राहते. नेमकी अडचण येथेच आहे. क्वचित एखाद्या वेळी जे पोट आपोआप राहणार नसते, त्याचा आरंभही इतर पोटदुखीसारखाच साधा व निरुपद्रवी दिसतो.

समजा, सहावीतील एका मुलाने सोमवारी सकाळी भाकरी अर्धी टाकली. शाळेत येईतो बेंबीभोवती दुखू लागले. दुपारी खिचडीला त्याने हात लावला नाही आणि एकदा ओकला. मधल्या सुटीत पटांगणावर न जाता तो भिंतीला टेकून बसून राहिला. संध्याकाळी घरी गेल्यावर दुखणे बेंबी सोडून उजव्या कुशीत, खालच्या बाजूस उतरले. आजीने पोट चोळले आणि मंगळवारी सकाळी पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल दिले. मुलगा दिवसभर पाय पोटाशी घेऊन पडून होता. बुधवारी पहाटे दुखणे एकाएकी कमी झाले. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बाप कामावर निघून गेला. त्याच रात्री मुलास सडकून ताप भरला, पोट फुगून फळीसारखे टणक झाले व नाडी वेगाने धावू लागली. गुरुवारी जीप करून त्यास जिल्ह्याच्या गावी नेले, तेव्हा सोमवारी जे काम सोपे होते ते फारच अवघड होऊन बसले होते.

हा मुलगा कोणत्याही एका गावचा नाही. या दुखण्याची रीतच अशी आहे. या चार दिवसांत जे जे घडले त्यास शरीरात काय कारण होते, हे नीट कळले म्हणजे सोमवारी दुपारी शाळेत काय करावयास हवे होते तेही कळते.

लहान आतडे उजव्या कुशीच्या खालच्या भागात मोठ्या आतड्यास मिळते. तेथे मोठ्या आतड्याचा आरंभ एका पिशवीसारख्या भागाने होतो. त्यास उंडुक म्हणतात. या उंडुकास गांडुळाच्या आकाराची, एका टोकास बंद असलेली एक बारीक नळी लोंबत असते. तिचे नाव आंत्रपुच्छ. बोलण्यात सर्वजण तिला अपेंडिक्स म्हणतात आणि व्यवहारात तोच शब्द वापरणे सोयीचे. लांबी बहुधा ५ ते १० सेंटिमीटर, आणि निरोगी स्थितीत जाडी लिहावयाच्या पेन्सिलीहून अधिक नसते. चार्लस डार्विनने १८७१ मध्ये हिची गणना पूर्वजांपासून उरलेल्या निरुपयोगी अवयवांत केली होती व क्रमिक पुस्तकांतून पुष्कळ वर्षे तसेच शिकवले गेले. आता मत थोडे बदलले आहे. या नळीच्या भिंतीत रोगप्रतिकारास साह्य करणाऱ्या पेशींचा मोठा साठा असतो आणि आतड्यांतील उपकारक जंतूंना ती आसरा देत असावी, असे काही संशोधक मानतात. तथापि ती काढून टाकल्याने माणसाचे काही अडत नाही, हे शतकाहून अधिक काळच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे.

नळी अरुंद, तोंड एकच. ते तोंड कशाने तरी बुजले की दुखण्यास सुरुवात होते. कधी मळाचा घट्ट झालेला खडा अडकतो, मुलांमध्ये एखाद्या तापानंतर त्या भिंतीतील ग्रंथी सुजून वाट बंद करतात, तर क्वचित जंतही अडकतात. बोराची किंवा पेरूची बी गिळल्याने हा रोग होतो ही समजूत फार दूरवर पसरली आहे. तसे घडणे इतके विरळ आहे की त्यासाठी मुलांच्या हातचा पेरू काढून घेण्याचे कारण नाही. तोंड बंद झाल्यावर आतील स्राव साचतो, दाब वाढतो, जंतू माजतात आणि भिंत सुजते. दाब फार वाढला की भिंतीतील रक्तपुरवठा बंद पडून ती सडू लागते व शेवटी फुटते. आतील पू व मळ पोटाच्या पोकळीत सांडतो. या सगळ्याला किती वेळ लागेल हे ठरलेले नसते. साधारणतः दुखू लागल्यापासून पहिल्या २४ तासांत फुटण्याचे प्रमाण कमी असते, ३६ तासांनंतर धोका वाढत जातो. मुलांच्या बाबतीत घड्याळ आणखी पुढे असते. आतड्यांवरून पदरासारखी पसरलेली वपा मोठ्या माणसांत सुजलेला भाग वेढून घेते व पू कोंडून ठेवते. बालकांत ती तोकडी असल्यामुळे पू लवकर सर्वत्र पसरतो. पाच वर्षांखालील मुलांत तर निदान होईपर्यंत आंत्रपुच्छ फुटलेलेच असण्याचे प्रमाण फार मोठे आहे, कारण त्यांना कोठे दुखते हेही सांगता येत नाही. अंगणवाडी शाळेच्या आवारातच असेल तर ही गोष्ट सेविकाताईंच्या कानावर घालावी.

आता दुखणे प्रथम बेंबीभोवती व नंतर उजवीकडे का सरकते? आतड्यांच्या मज्जातंतूंना जागेचा नेमका बोध होत नाही. आंत्रपुच्छाची संवेदना वाहून नेणारे तंतू बेंबीच्या पातळीवरील तंतूंसमवेत मज्जारज्जूत शिरतात, म्हणून मेंदूस वाटते की दुखणे मध्यभागी आहे. पुढे सूज वाढून पोटाच्या आतील अस्तरास ती भिडली की त्या अस्तराचे तंतू अचूक जागा सांगतात आणि वेदना उजव्या कुशीत येऊन बसते. न्यूयॉर्कचे शल्यवैद्य चार्लस मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ही जागा बोट ठेवून दाखविली. कमरेच्या उजव्या हाडाचे पुढील टोक व बेंबी यांना जोडणारी रेषा कल्पिली, तर हाडापासून तिच्या एकतृतीयांश अंतरावर तो बिंदू येतो. आणि बुधवारी पहाटे दुखणे एकाएकी का थांबले? फुगलेली नळी फुटली व दाब उतरला, म्हणून. घरच्यांना जो उतार वाटला, ती वस्तुतः सर्वांत वाईट घटना होती. या दुखण्यातील एकच गोष्ट लक्षात राहावयाची असेल तर ती ही राहावी, कारण याच क्षणी गाडी परत पाठविली जाते.

शिक्षकाने रोगनिदान करावयाचे नाही. पोट दाबून पाहण्याचाही खटाटोप करू नये. ते वैद्याचे काम. परंतु शिक्षक मुलास रोज पाहतो, आणि वैद्यापाशी नसलेले हे ज्ञान त्याच्यापाशी असते. सोंग करणाऱ्या मुलाचे पोट सुटीची घंटा झाली की थांबते, खिचडीच्या वासाने थांबते, चेंडू पाहून तर हमखास थांबते. आंत्रपुच्छदाहाच्या मुलाची भूकच मरते. एरवी दोनदा वाढून घेणारा मुलगा ताटाकडे पाहत नसेल, तर हे लक्षण तापापेक्षाही अधिक बोलके समजावे. ओकारी येते, पण बहुधा आधी दुखणे व मागाहून ओकारी असा क्रम असतो. ओकारी व जुलाब आधी सुरू होऊन पोट मागाहून मुरडत असेल, तर बाधलेले अन्न अधिक संभवते. ताप आरंभी थोडाच असतो. म्हणून अंग गरम लागत नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. मूल चालताना उजवीकडे किंचित वाकते, खोकताना पोट धरते, एका पायावर उडी मारावयास सांगितले तर मारीत नाही किंवा मारताच तोंड वाकडे करते. पोटशूळाचे मूल तळमळते, गडबडा लोळते. हे मूल मात्र हालचाल टाळून निपचित पडून असते, कारण प्रत्येक हिसक्याने आतील सुजलेले अस्तर दुखावते. इंग्लंडमधील काही शल्यवैद्यांनी याचा मोठा मजेदार पडताळा घेतला. रस्त्यावरील गतिरोधकावरून गाडी जाताना पोट अधिक दुखले काय, असे त्यांनी रुग्णांना विचारले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना पुढे खरोखर आंत्रपुच्छदाह ठरला अशा ३४ रुग्णांपैकी ३३ जणांनी होय म्हणून सांगितले होते. आपल्याकडील रस्त्यांवर हा पडताळा घेण्यास गतिरोधकाची वाट पाहावी लागत नाही, एवढाच फरक.

तरी ही सारी लक्षणे प्रत्येक मुलात ओळीने येतीलच असे नाही. आंत्रपुच्छ प्रत्येकाच्या पोटात एकाच बाजूस वळलेले नसते. ते उंडुकाच्या मागे दडलेले असेल तर दुखणे कंबरेत वा पाठीत जाणवते. ओटीपोटात उतरलेले असेल तर लघवीस जळजळ होते किंवा थोडे जुलाब होतात, आणि मग साऱ्यांचा समज भलतीकडेच जातो. मोठ्या मुलींच्या बाबतीत "पाळीचे असेल" म्हणून विषय संपवला जातो. पुरुष शिक्षक विचारीत नाहीत आणि मुलगी सांगत नाही. अशा वेळी शिक्षिकेने, ती नसल्यास आशाताईंनी, मुलीस बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. मुलांच्या बाबतीतही लाजेने लपविले जाणारे एक दुखणे आहे. वृषण पिळवटल्यास कित्येकदा मुलगा ओटीपोटच दुखते म्हणून सांगतो. त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो, आणि सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच तो अवयव वाचण्याची शक्यता चांगली राहते. तेव्हा एकाएकी उठलेल्या तीव्र ओटीपोटदुखीत मुलास हाही प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

घरगुती उपायांबद्दल बोलताना सावधपणा हवा. आजीचा ओवा, हिंग, शेपा यांची टवाळी करून काही साधत नाही. साध्या वाताच्या दुखण्यात त्यांनी बरे वाटते हा लोकांचा अनुभव आहे. परंतु काही उपाय या दुखण्यात घातकच आहेत व ते ठणकावून सांगितले पाहिजेत. एरंडेल वा कोणतेही रेचक देऊ नये, एनिमा देऊ नये. आतडी जोराने आकुंचन पावली की तटतटलेली नळी फुटण्यास साह्य होते. बेंबी सरकली असे समजून पोट चोळणे, ओढणे, त्यावर तांब्या लावणे बंद ठेवावे. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये. पोटावर डाग देण्याची चाल काही भागांत अद्याप पुरती गेलेली नाही. मेळघाटात तिला डंबा म्हणतात व तान्ह्या मुलांच्या पोटफुगीवर तापल्या विळ्याचे चटके दिले जातात. त्याने दुखणे तर जात नाहीच, वर भाजण्याची जखम होते आणि रुग्णालयाची वाट एकदोन दिवस लांबते. शाळेच्या पेटीतील वेदनाशामक गोळीही देऊ नये. रुग्णालयात तपासणीनंतर वेदनाशामक देतात व ते योग्यच आहे, त्याने निदानास बाध येत नाही. पण शाळेत गोळी दिली आणि दोन तास बरे वाटले म्हणून मूल घरी जाऊन झोपले, तर ती गोळी महाग पडते. खाण्यापिण्यास काही देऊ नये हे तर आहेच, कारण भूल द्यावयाची तर पोट रिकामे असावे लागते. ओठ सुकत असतील तर ओल्या फडक्याने पुसावेत.

उशीर होणे हे काही अडाणी व गरीब माणसांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. १८८६ मध्ये बोस्टनचे डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी या रोगाचे मूळ आंत्रपुच्छात आहे हे दाखवून दिले व त्यास आजचे इंग्रजी नाव दिले. तोवर सगळा दोष उंडुकावर ढकलला जात असे. पुढे सोळा वर्षांनी, २६ जून १९०२ रोजी इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक व्हावयाचा होता. देशोदेशींचे पाहुणे लंडनला जमले होते. राजाच्या पोटात आंत्रपुच्छाजवळ पू झाला होता, पण समारंभ पार पडू द्यावा असा त्याचा हट्ट होता. शल्यवैद्य फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी तो मानला नाही. २४ जून रोजी राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून पू काढण्यात आला, आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. याच ट्रीव्ह्ज यांची तरुण मुलगी दोन वर्षांपूर्वी आंत्रपुच्छ फुटून दगावली होती. ते स्वतः या रोगाचे नामांकित तज्ज्ञ होते, तरी त्यांच्या घरी हे घडले. दुसरे उदाहरण १९६१ चे. अंटार्क्टिकावरील रशियन तळावर लिओनिद रोगोझॉव्ह हा २७ वर्षांचा एकमेव डॉक्टर होता आणि नेमका त्यालाच आंत्रपुच्छदाह झाला. हिमवादळामुळे विमान येणे अशक्य. ३० एप्रिलच्या रात्री त्याने जागा बधिर करणारे औषध टोचून घेतले, डॉक्टर नसलेल्या सहकाऱ्यांच्या हाती आरसा व उपकरणे दिली आणि सुमारे पावणेदोन तासांत स्वतःच्या हातांनी स्वतःचे आंत्रपुच्छ काढले. त्याच्या बुडाशी काळा डाग पडला होता. आणखी एक दिवस गेला असता तर ते फुटले असते, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. दोन आठवड्यांनी तो कामावर रुजू झाला. वरच्या वर्गांना ही हकिगत सांगावी. मुले श्वास रोखून ऐकतात आणि उजव्या कुशीतील जागा कधी विसरत नाहीत.

आज उपचार सोपा झाला आहे. पोटास मोठा छेद न देता दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढण्याची रीत जर्मनीच्या कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये प्रथम अवलंबिली व ती आता आपल्या जिल्ह्यांच्या गावीही परिचित आहे. केवळ प्रतिजैविक औषधांनीही काही रुग्ण बरे होतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत औषधांवर ठेवलेल्या प्रौढांपैकी दहांतील सुमारे तिघांना तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. म्हणजे औषधांचा मार्ग आहे. पण तो तपासणी, सोनोग्राफी व देखरेख यांच्या आधाराने शल्यवैद्याने निवडावयाचा मार्ग आहे. गावातील दुकानातून दोन गोळ्या आणून घरी थांबण्यास त्याचा आधार घेता येणार नाही.

तेव्हा सोमवारी दुपारी शाळेने काय करावे? बेंबीभोवतीचे दुखणे काही तास टिकून आहे, भूक गेली आहे, दुखणे उजवीकडे सरकले आहे किंवा चालताना-उडी मारताना वाढते आहे, असे दिसले की पालकांस तत्काळ बोलावून मूल डॉक्टरांकडे पाठवावे. "उद्या पाहू" हे उत्तर येथे चालत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, शस्त्रक्रिया होत नाही. ग्रामीण रुग्णालयात शल्यवैद्य व भूलतज्ज्ञ दोघेही त्या दिवशी असतीलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे व जेथे दोघे असतील तेथेच मूल न्यावे. एका दारावरून दुसऱ्या दारी जाण्यात रात्र निघून जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका निःशुल्क मिळते. पोट टणक झाले असेल, मूल ग्लानीत असेल किंवा वारंवार ओकत असेल तर तिची वाट जवळची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ त्या रुग्णालयात मिळतो की नाही हे तेथील आरोग्यमित्र सांगतात. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन घरचे एक माणूस मागाहून निघाले तरी चालते, कागद सापडेपर्यंत मुलास थांबवू नये.

सोबत एक चिठ्ठी द्यावी. तीत दुखणे किती वाजता सुरू झाले, आधी कोठे व आता कोठे, किती वेळा ओकले, शेवटचे अन्नपाणी केव्हा घेतले आणि घरी कोणते औषध दिले, एवढे लिहावे. एरंडेल दिले असेल तर ते लपवू नये. ही पाच ओळींची चिठ्ठी डॉक्टरांचा अर्धा तास वाचवते.

खरा पेच पडतो तो ऊसतोडीच्या हंगामात. आईबाप कारखान्यावर, मूल आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. आश्रमशाळेतही हीच स्थिती. शस्त्रक्रियेस पालकांची संमती लागते आणि पालक शंभर कोसांवर फडात असतात. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक मुलाच्या नावापुढे आईबापांचा, मुकादमाचा व गावातील एका जबाबदार नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक हजेरीपटाच्या मागील पानावर लिहून ठेवावा आणि दर महिन्यास तो लागतो की नाही हे पाहावे. क्रमांक बदलतात, आणि बदलल्याचे कोणी सांगत नाही. पालक भेटेपर्यंत मूल वसतिगृहात ठेवू नये. आधी रुग्णालयात न्यावे आणि निरोप वाटेवरून द्यावा. जिवास धोका असेल तेव्हा संमतीविषयीचा निर्णय डॉक्टर घेतात. तो भार शिक्षकाने शाळेत बसून डोक्यावर घ्यावयाचा नसतो. रात्री-अपरात्री मूल नेले आणि तपासणीत साधा वात निघाला, तर गावात थोडा हशा होईल. मुख्याध्यापकांनी अशा वेळी आपल्या सहशिक्षकाच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले पाहिजे, नाहीतर पुढच्या खेपेस कोणी गाडी बोलावणार नाही.

आंत्रपुच्छ न फुटता शस्त्रक्रिया झालेले मूल बहुधा दोनतीन दिवसांत घरी येते आणि आठवडा-पंधरवड्यात शाळेत बसू शकते. फुटले असेल तर रुग्णालयातील मुक्काम बराच लांबतो. परत आल्यावर कवायत, खो-खो, सायकल, दप्तराचे ओझे व घरी पाण्याचा हंडा यांपासून किती आठवडे दूर राहावयाचे, हे डॉक्टरांच्या कागदावरून पाहून त्याप्रमाणे सूट द्यावी. पाण्याच्या हंड्याचे घरी आवर्जून सांगावे लागते, विशेषतः मुलींच्या घरी. ताप आला, जखम लाल होऊन वाहू लागली किंवा पुन्हा ओकाऱ्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवावे. बुडालेला अभ्यास पुढे भरून काढता येतो. पहिल्या दिवशी त्याने वर्गात येऊन आपल्या जागी बसावे, पोटावरचा व्रण मित्रांना दाखवावा, एवढे पुरे.